कोरड्या बोअरचा धडा

नववीच्या वर्गाने जगातले बहुतेक ज्वालामुखी पाहिले होते. चष्मा डोळ्यांवर चढवला की पोरं थेट विवराच्या काठावर उभी राहत आणि पाचव्या मिनिटाला जांभया देत. वाळवंटं, सदाहरित जंगलं, ध्रुवावरचं बर्फ, सगळं शिक्षण खात्याने चष्म्यात भरून पाठवलं होतं. तेजस्विनी औटी हिवरमाळच्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायला लागली तेव्हा असे चष्मे मिळावेत म्हणून तिनेच अर्ज केले होते. आता ते कपाटात पडून असत आणि ती बटाटे घेऊन वर्गात जाई.

अर्धा कापलेला बटाटा ताटलीत पालथा ठेवायचा, थोडं थोडं पाणी ओतायचं, दर वेळी पाण्याच्या कडेने बटाट्यावर रेघ मारायची आणि शेवटी वरून पाहायचं. समोच्चरेषा म्हणजे काय, हे मग पुन्हा सांगावं लागत नसे. खडकांच्या धड्याला ती शाळेच्या चुलीवर पिठलं करी. पिठलं थंड होताना वरच्या भागात बुडबुडे अडकतात आणि तळाचं घट्ट बसतं. पारनेरचं हे सगळं पठार तसंच झालेलं, लाव्ह्याच्या एका थरावर दुसरा थर. प्रत्येक थराच्या डोक्याकडे जाळीदार खडक, त्यात पाणी मुरतं. खाली घट्ट काळा खडक. आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडी, चिकण माती. पहिला थर निवल्यावर त्यावर साठलेली आणि पुढच्या लाव्ह्याने भाजून निघालेली. तिच्यातून पाणी सहसा खाली उतरत नाही.

"पण मॅडम," कार्तिकी ठुबे एकदा पिठलं चाटत म्हणाली, "आईसलँडच्या पोटात काय आहे ते चष्म्यात दिसतं. आपल्या शाळेच्या पोटात काय आहे ते कुणी पाहिलंय?"

"कुणीच नाही."

"मग आपण पाहू ना."

कार्तिकी सरपंचबाईंची पुतणी होती, त्यामुळे तिला 'बस खाली' म्हणायची सवय शाळेत कुणाला नव्हती. पण या वेळी तसं म्हणावंसं तेजस्विनीलाही वाटलं नाही. त्याच दिवाळीच्या आधी शाळांना म्युऑनपट्ट्या मिळू लागल्या होत्या.

म्युऑन हे नाव नवं वाटलं तरी वस्तू जुनी. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे वेगवान कण आपल्या हवेच्या वरच्या थरावर आदळतात आणि त्यातून म्युऑन नावाच्या कणांचा सतत शिडकावा जमिनीवर होत राहतो. अंगठ्याच्या नखावर मिनिटाला साधारण एक कण पडतो आणि आपल्याला न कळता आरपार जातो. त्यांतले पुष्कळसे खडकातही शिरतात. घट्ट खडकात जास्त अडतात, सच्छिद्र खडकात कमी. तेव्हा खडकाच्या खाली बसून, कुठल्या दिशेने किती कण आले हे चिकाटीने मोजत राहिलं तर वरच्या खडकाची सावली मिळते. डॉक्टर छातीचा एक्स-रे काढतात तशीच. खडकातलं पाणी उपसलं गेलं की तो किंचित हलका होतो, म्हणून दिवाळीची सावली आणि फाल्गुनातली सावली ताडून पाहिली तर कुठे पाणी होतं आणि कुठून गेलं हेही दिसतं. पूर्वी या मोजणीचं यंत्र टेम्पोत मावत नसे. आता ते मनगटाएवढ्या रुंद पट्टीत आलं होतं आणि सुतळीला बांधून खाली सोडता येत होतं.

अडचण एकच होती. पट्टी खोल हवी आणि कोरडी हवी. विहिरी उथळ आणि पाण्याच्या. खोल आणि कोरड्या जागा हिवरमाळात भरपूर होत्या, म्हणजे पाणी न लागलेले बोअर. पण उघड्या बोअरमध्ये लेकरं पडू नयेत म्हणून त्यांच्यावर केव्हाच फरशा टाकून माती लोटली होती. मालकांनाही आता नेमकी जागा सांगता येत नव्हती. ती एकाच माणसाला पाठ होती, आणि त्या माणसाला विचारणं तेजस्विनीला सगळ्यात जड होतं. ते सगळे बोअर तिच्या वडिलांनी दाखवलेले होते.

रंभाजी औटी गावाचे पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून चालत. जिथे नारळ आपोआप उभा राहील तिथे पाणी. पैसा त्यांनी कधी घेतला नाही, फक्त तो नारळ घेत. पाणी लागलं की नारळ तिथेच फोडून सगळ्यांना खोबरं वाटायचं. नाही लागलं तर नारळ न फोडता फरशीखाली ठेवायचा आणि मुकाट घरी यायचं, हा त्यांचा शिरस्ता. आई गेल्यापासून घरात ही दोघंच होती.

"तात्या," ती संध्याकाळी म्हणाली, "गावातले कोरडे बोअर कुठंकुठं आहेत, आठवतात का?"

तात्या हरभऱ्यातले खडे वेचत होते. हात थांबला नाही. "कोणाला पायजेत?"

"वर्गाला. धडा तयार करायचाय."

"मग वल्ले दाखीव की. तेबी मीच सांगितलेत."

"ओल्यात पट्टी चालत नाही."

"आन बापाची आब्रू चालती व्हय?"

तिने वाद घातला नाही. कण, सावली, सुतळी, सगळं वर्गात सांगते तसं सांगितलं. तात्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजी भोकात बसून खालून वर बघायचं?"

"हो."

"माझ्या गुडघ्याचा फोटू काढला व्हता, तसं?"

"तसंच. फक्त डॉक्टर म्हणाले होते, एक मिनिट हलू नका. इथं तीन-चार महिने हलायचं नाही."

तात्या हसले. मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "सगळं आयुष्य वरून ठोकताळं बांधण्यात गेलं," ते म्हणाले. "एकदा तरी आत डोकवावं वाटायचं."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ते फाटकाशी उभे होते. धुतलेली टोपी, हातात काठी. वर्ग त्यांच्यामागून रानात निघाला. काठीने माती खरवडायची, फरशी वाजवायची, पोरांनी ती सरकवायची, असं सुरू झालं. बऱ्याच फरशांखाली वाळून काळा पडलेला नारळ निघत होता.

"ह्यो शिंद्यांचा," तात्या सांगत. "तीनशे फूट. नुसता फुफाटा."

"आजोबा, नारळ काय म्हणाला होता इथं?" कार्तिकीने विचारलं.

"उभा राहिला व्हता. माझ्यापेक्षा ताठ."

गजाबा गाडगे आपल्या बांधावर हाताची घडी घालून उभे होते. त्यांचा बोअर कोरडा गेल्यापासून ते तात्यांशी बोलत नसत. "काय रंभाजी, खड्डा दाखवून भागलं नाही वाटतं? आता वरात घेऊन आला?"

"तुझाच लय कामाचा निघालाय म्हणत्यात," तात्या म्हणाले. "गावात सगळ्यात खोल आन सगळ्यात कोरडा. दुसऱ्या कोणाचा हाय का असा?"

पोरं फिसकन हसली. शेवटी फरशी जड होती म्हणून गजाबांनीच पहार आणून दिली.

पट्ट्या उतरल्या. सुतळीबरोबर वर आलेल्या बारीक तारेतून रोज आकडे येत, आणि पोरं वर्गातल्या मोठ्या पडद्यावर सावली हळूहळू दाट होताना पाहत. चष्म्यांकडे कुणी फिरकेना. सुरुवातीला पडद्यावर नुसता धुरळा होता. संक्रांतीच्या सुमाराला त्यात थर दिसू लागले आणि फाल्गुन लागला तेव्हा हिवरमाळचं पोट पडद्यावर उघडं पडलं होतं.

गावविहीर एका परातीत बसली होती. पडद्यावर ते इतकं साफ दिसत होतं की समजावायची गरज पडली नाही. जाळीदार खडकाचा एक रुंद पट्टा, त्यात पाणी, आणि त्याच्या तळाशी तांबड्या मातीचा सलग थर, परातीसारखा मध्ये खोलगट. परातीखालचा खडक कोरडा, भेगाळलेला, कितीही पाणी पिऊन टाकील असा. आणि परातीला दोन भोकं होती. एक गजाबांचा बोअर, दुसरा शिंद्यांचा. दिवाळीपासून आतापर्यंत सगळ्यात जास्त पाणी उपशाच्या जागी कमी झालं नव्हतं, या दोन भोकांभोवती कमी झालं होतं. गावविहीर माघात तळाला का जाते, याची गावात बरीच उत्तरं होती. हे त्यांत नव्हतं.

"म्हणजे बोअर कोरडे नव्हते," कार्तिकी हळूच म्हणाली. "त्यांनी पाणी गाठलं आणि गळून जाऊ दिलं."

"एवढ्या खोल गेल्यावर वरचं पाणी कुणाच्या लक्षात येणार," तेजस्विनी म्हणाली. "यंत्राला खाली जायची घाई असते."

वर्गाने आणखी एक उद्योग केला होता. श्रेयस नावाच्या मुलाने गावाचा नकाशा जमिनीवर पसरून, डोळे बांधून त्यावर खडे टाकायचा खेळ काढला होता. कुणाचा खडा पाण्यावर पडतो हे पाहायचं. खेळता खेळता कार्तिकीने तात्यांनी आजवर दाखवलेल्या जागाही नकाशावर मांडल्या, ओल्या आणि कोरड्या दोन्ही. मग तास संपल्यावर ती एकटी थांबली.

"मॅडम, डोळे बांधून टाकलेले खडे आणि आजोबांचा नारळ, दोघांचा नेम सारखाच निघतो."

"मी पाहिलंय."

"आजोबांना सांगायचं?"

तेजस्विनीची नजर नकाशावरून हलेना. कारण त्याहून मोठी गोष्ट नकाशावर होती. उन्हाळ्यासाठी ग्रामपंचायत नवा बोअर घेणार होती. सरपंच ज्योती ठुबे यांनी यंत्र ठरवलं होतं, ते होळीनंतर येणार होतं. जागा तात्यांनीच दिली होती, गावविहिरीच्या वरच्या अंगाला, उंबराशेजारी. म्हणजे बरोबर परातीच्या मध्यावर. तिसरं भोक तिथे पडलं तर गावाचं पिण्याचं पाणी उन्हाळ्याच्या तोंडावर खाली निघून जाणार होतं. आणि हे टाळायचं तर आपल्या बापाची जागा चुकीची आहे असं मुलीने गावाला सांगायला हवं होतं.

तिने आधी बापाला सांगितलं. जेवताना सगळं सांगितलं, परात, दोन भोकं, उंबर. तात्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला.

"म्हंजी नारळाला काही कळत नव्हतं?"

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं. "नव्हतं, तात्या."

"आन मला?"

"वरून जितकं कळतं तितकं कळत होतं. खालचं कुणालाच कळत नव्हतं."

तात्यांनी ताटात हात धुतला. "मी दिलेली जागा मी मागं घेत नाय," ते म्हणाले. "तुझ्या पट्टीला काय सांगायचं ते सांगू दे."

त्यानंतर घरातलं बोलणं बंद झालं. तात्या चहा घेत, कप विसळून ठेवत आणि मारुतीच्या पारावर जाऊन बसत. तेजस्विनी शाळेत पोरांबरोबर, गावाला हे सगळं दाखवायच्या प्रदर्शनाची तयारी करी. मासे ठेवायची एक मोठी काचेची टाकी त्यांनी मिळवली होती. तळाला बारीक कोरडी खडी, वर गेरूत मळलेल्या मातीचा परातीसारखा थर, त्यावर पुन्हा खडी, त्यात निळं रंगवलेलं पाणी. भोकं पाडलेली एक बाटली मध्ये उभी केली, ती विहीर. उसाच्या रसवंतीवरचे जाड स्ट्रॉ म्हणजे बोअर. सगळी मापं पडद्यावरच्या सावलीतून घेतली होती.

"मॅडम," श्रेयसने विचारलं, "गावाचं नाव काढून टाकू या का? 'एक गाव' असं लिहू. धडा तोच राहील. आजोबांनाही बरं."

तिने टाकीकडे पाहिलं. नाव काढलं तर हिला काय म्हणायचं? कपाटातल्या चष्म्यांतला आणखी एक ज्वालामुखी.

"नाव राहू दे," ती म्हणाली. "आणि उंबरसुद्धा लावा. हिरव्या कागदाचा."

प्रदर्शनाला गाव लोटलं. पोरांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं की आपल्या पायाखालचं दाखवणार आहोत. ज्योतीबाई पहिल्या रांगेत उभ्या होत्या आणि मधूनच फोनवर यंत्रवाल्याशी बोलत होत्या. तो उद्या सकाळी येणार होता. कार्तिकीने म्युऑन सांगितले, सावली सांगितली, पिठलंही सांगितलं. टाकीशी आली तेव्हा दाराकडची माणसं बाजूला सरकली आणि तात्या आत आले. धुतलेली टोपी. हातात उद्याच्या बोअरसाठी आणलेला नारळ.

कार्तिकीचं बोलणं अडखळलं. तिने मॅडमकडे पाहिलं.

"थांबलीस का?" तात्या म्हणाले. "चालू दे की."

"आजोबा, आता बोअर घ्यायचाय."

"कुठं?"

तेजस्विनी पुढे झाली. तिचा आवाज वर्गात असतो तसाच निघाला. "उंबराजवळ, तात्या. तुम्ही दिलेल्या जागेवर."

"मग माझ्याच हातानं व्हऊ दे," तात्या म्हणाले, आणि स्ट्रॉ मागण्यासाठी हात पुढे केला.

नारळ त्यांनी बगलेत धरला. कागदाच्या उंबराशेजारी स्ट्रॉ उभी रोवली. खडीत ती सहज गेली. तांबड्या थरावर अडली. त्यांनी अंगठ्याने जोर दिला, तशी ती खाली उतरली. क्षणभर काही झालं नाही. मग काचेतून निळी धार दिसली, स्ट्रॉच्या कडेने खाली झिरपणारी, आणि कोरडी खडी निळी होऊ लागली. बाटलीतलं पाणी उतरलं. आधी हळू, मग भराभर. सगळे वाकून त्या बाटलीकडे पाहत होते. तळ दिसला.

"अगं बाई," ज्योतीबाई म्हणाल्या.

गजाबा गाडगे मागून पुढे आले. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "आन माझा कुठला यातला?"

श्रेयसने दुसरी जागा दाखवली, आधीच बूच लावून ठेवलेली. गजाबांनी बोट तिथे सरकवलं.

तात्यांनी स्ट्रॉ उपसून काढली. भोक तसंच राहिलं. "बुजवलं तर?" त्यांनी विचारलं. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

कार्तिकीने उरलेल्या तांबड्या मातीची वळी केली आणि लांब काडीने भोकात ठासली, एकावर एक. मग तांब्याभर निळं पाणी वरून ओतलं. या वेळी खाली धार लागली नाही. बाटलीत पाणी चढलं आणि तिथेच थांबलं.

"खऱ्या बोअरलाही असंच ठासता येतं," तेजस्विनी म्हणाली. "चिकण माती लागेल भरपूर, आणि तळापासून नीट भरावं लागेल. पण होतं. नवा बोअर घेण्यापेक्षा सोपं आहे. खणायचंच असेल तर उंबराजवळ साधी विहीर खणा, तांबडं लागेपर्यंत. तांबडं लागलं की थांबा."

ज्योतीबाईंनी फोन हातात घेतला, पण लावला नाही. पाणी कुठे आहे हे रंभाजी औटींनी सांगायचं आणि गावाने मानायचं, असं त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. त्या तात्यांकडे वळल्या. "काका, यंत्र उद्याच येतंय. तुम्ही एकदा नारळ लावून बघता का? तुम्ही म्हणाल तसं करू."

तात्यांनी नारळ तळहातावर आडवा ठेवला. ते टाकीभोवती पावलं टाकत फिरले, रानात फिरत तसे, मान किंचित कलती. उंबराशी आले तेव्हा नारळ हलला आणि सावकाश उभा राहिला. मागे कुणीतरी श्वास सोडला.

"बघितलं?" तात्या म्हणाले. "उभा राहिला. उंबर दिसला म्हणून मला वाटलं हितं पाणी असंल, आन मनगट वळलं. आजवर सगळीकडं असंच व्हायचं. मनगट माझं व्हतं, मलाच कळत नव्हतं." त्यांनी नारळ पुन्हा आडवा केला. "पाणी हाय हितं, पण मी सांगितलं म्हणून नाय. पोरांनी खालून बघितलंय म्हणून. यंत्रवाल्याला नको म्हणून सांग, ज्योती. आन शिंद्यांचं भोक कुठंय आन गजाबाचं कुठंय, ते मी दाखवतो. ते काम माझ्याशिवाय कोणाला जमायचं नाय."

ज्योतीबाईंनी फोन लावला आणि बाहेर जाऊन बोलल्या. परत आल्या तेव्हा मान हलवून यंत्र रद्द झाल्याचं सांगितलं. गजाबांनी माती आणायला ट्रॅक्टर देतो म्हटलं. देताना तात्यांकडे पाहिलं नाही, पण म्हटलं.

तात्या दाराकडे निघाले. पायरीशी थांबले, खाली बसले आणि नारळ पायरीच्या कडेवर आपटला. तो एका घावात फुटला. पाणी सिमेंटवर सांडलं.

"रंभाजी," गजाबा मागून म्हणाले, "पाणी लागल्याबिगर नारळ फोडायचा नसतो ना तुझा?"

तात्यांनी मागे वळून पाहिलं. टाकीतल्या बाटलीत निळं पाणी होतं तिथेच उभं होतं. टाकीजवळ त्यांची मुलगी काचेवरची माती पुशीत होती.

"लागलंय की," ते म्हणाले, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा तिच्यापुढे धरला. "घे, तेजू. वर्गाला वाट."